मेसियाँची ‘तुरंगलीला’ सिंफनी : ताल कसा ऐकावा? मदत हवी आहे

नमस्कार. मी काही वर्षे तबला शिकत आहे आणि पाश्चात्त्य अभिजात संगीत केवळ आवडीपोटी ऐकते. ऑलिव्हिए मेसियाँ या फ्रेंच रचनाकाराच्या ‘तुरंगलीला’ सिंफनीने मला गेले दोन महिने अक्षरशः झपाटले आहे, पण तिच्यातली लय माझ्या हाती लागत नाही.

ही रचना 1946 ते 1948 या काळातली आहे. तिचा पहिला प्रयोग 1949च्या डिसेंबरात बॉस्टनला लेनर्ड बर्नस्टाइन यांच्या संचालनाखाली झाला. तिचे दहा भाग असून संपूर्ण रचनेला साधारण सव्वा तास लागतो. प्रचंड वाद्यवृंदाबरोबर पियानो आणि ‘ऑन्द मार्तनो’ हे विजेवर चालणारे वाद्य आहे. सहाव्या भागात त्या वाद्याचा आणि तंतुवाद्यांचा संथ स्वर चालू असताना पियानो पक्ष्यांसारखा बोलतो, तो भाग मला फार प्रिय आहे.

माझ्या कुतूहलाचे खरे कारण मात्र देवगिरी आहे. यादव राजा सिंघणाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ हा संगीतशास्त्रावरचा संस्कृत ग्रंथ लिहिला आणि त्याच्या तालाध्यायात 120 देशी, म्हणजे प्रांतोप्रांती रूढ असलेले, ताल दिले. मेसियाँला ही यादी एका फ्रेंच संगीतकोशातल्या भारतीय संगीतावरील लेखात सापडली आणि पुढे आयुष्यभर त्याने ती वापरली. ‘तुरंगलील’ हे त्याच यादीतल्या एका तालाचे नाव आहे.

पहिली अडचण ऐकण्याची आहे. हातावर मात्रा मोजत मी तिसरा, सातवा आणि नववा हे ‘तुरंगलीला’ नावाचेच भाग अनेकदा ऐकले. परंतु सम (तालाची पहिली, ठळक मात्रा) कोठेच येत नाही आणि आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, पुरे झाल्याची जाणीवही होत नाही. द्रुत, लघु, गुरू, प्लुत अशा कमीजास्त लांबीच्या कालखंडांची मालिका म्हणूनच त्याने हे ताल घेतले असावेत आणि ठेक्याची, म्हणजे पुन्हापुन्हा येणाऱ्या ठरलेल्या बोलांची, अपेक्षा मी उगाच करत असावे, असे वाटते. हे बरोबर असेल तर श्रोत्याने नेमके काय धरून ऐकावे? एखादा देशी ताल कानाला स्पष्ट ओळखू येतो अशी जागा कोणी भाग आणि वाद्य यांसह सांगू शकेल का?

दुसरी शंका नावाची आहे. धावत्या घोड्यासारखा पळणारा काळ म्हणजे ‘तुरंग’, आणि ‘लीला’ म्हणजे विश्वाची निर्मिती आणि संहार करणारी दैवी क्रीडा, शिवाय प्रेमही, असा अर्थ मेसियाँने दिला आहे. पण त्याच यादीत गजलील, हंसलील, सिंहलील असेही ताल आहेत. ही सगळी नावे शेजारी ठेवली की ‘लील’चा अर्थ त्या प्राण्याची डौलदार चाल इतकाच असावा, असे मला प्रकर्षाने जाणवते. ‘संगीतरत्नाकर’वर भाष्य लिहिणाऱ्या जुन्या टीकाकारांनी या नावांविषयी काही म्हटले आहे का? ज्यांच्याकडे तालाध्यायाची संपादित प्रत आहे त्यांनी कृपया तुरंगलील तालाची मांडणी मूळ श्लोकासह येथे द्यावी, म्हणजे मी ती आधी हाताने वाजवून पाहीन आणि मग त्या तीन भागांत शोधेन. ज्यांनी ही सिंफनी सभागृहात प्रत्यक्ष ऐकली आहे, त्यांच्याकडून एकाच वेळी वेगवेगळ्या लयी वाजवणाऱ्या तालवाद्यांच्या थरांविषयी जाणून घ्यायलाही मला मनापासून आवडेल. ध्वनिमुद्रणात ते पितळी वाद्यांखाली दबून जातात.