मदत हवी आहे: बाबांसाठी केअर सेंटर निवडताना तिथल्या नातेवाईकांचं म्हणणं किती धरायचं?

नमस्कार मंडळी. इथे वाचत असतो नेहमी, लिहितोय पहिल्यांदाच. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

बाबा ८१ वर्षांचे आहेत. आठ महिन्यांपूर्वी पॅरालिसिसचा अटॅक आला, उजवा हात-पाय गेला, बोललेलं अर्धंमुर्धं कळतं. विसरणं आधीपासून होतंच ते आता वाढलंय, संध्याकाळ झाली की घरातच बसून "मला घरी सोडा" म्हणत कासावीस होतात. आई ७६ ची, त्यांना उठवून बसवून तिची कंबर कामातून गेलीय. घरी ठेवलेल्या तीन बायका टिकल्या नाहीत. शेवटी मी आणि ताईने ठरवलं की चोवीस तास नर्सिंग असलेलं केअर सेंटर बघायचं. हा निर्णय झालाय, त्यावर कृपया चर्चा नको, घरात त्यावरून पुरेसं रडून झालंय.

प्रश्न वेगळाच आहे. दोन जागा बघितल्या. ऑफिसमध्ये सगळं छानच सांगतात, म्हणून जिथे पेशंट ठेवलेत त्या कुटुंबांशी बोलायचं ठरवलं. पहिल्या ठिकाणी सहा जणांशी बोललो. पाच जण एकदम खूश, "डोळे झाकून ठेवा" म्हणाले. सहाव्या बाई गेटबाहेर भेटल्या, त्यांच्या वडिलांनाही पॅरालिसिसच आहे, डावी बाजू गेलेली. त्या म्हणाल्या, "सगळं चांगलं आहे हो, पण पाण्याचा ग्लास कायम डावीकडच्या टेबलावर ठेवतात." म्हणजे जो हात हलत नाही त्याच्याच बाजूला. त्यांनी चार वेळा सांगितलं, दोन दिवस नीट ठेवतात, मग परत तेच. आणि तेवढ्या काळात वडिलांना दोनदा युरिन इन्फेक्शन झालं.

आता ताई म्हणते पाच विरुद्ध एक आहे, कुठेही जा एखादं कुटुंब नाराज असतंच. मला मात्र तो ग्लास डोक्यातून जात नाहीये. बाबा पाणी मागू शकत नाहीत हो, त्यांना तो शब्दच सापडत नाही.

मग त्या पाच जणांबद्दल नीट विचार केला. एकांची आई स्वतः चालते, स्वतःच्या हाताने जेवते, त्यांना ग्लासचा प्रश्न येणारच नाही. दोघं महिन्यातून एकदा रविवारी सकाळी येतात. एक जण परदेशात, त्यांचं सगळं व्हिडिओ कॉलवर, आणि कॉलच्या आधी केस विंचरून कपडे बदलून बसवत असणारच ना. पाचवे रोज येतात, पण ते बोलत होते तेव्हा मॅनेजर शेजारीच उभे होते. आपलं माणूस त्यांच्या हातात असताना कोण तोंड उघडेल? मीही नाही उघडणार.

आणि हेही कळतं की आपणच तिथे ठेवलेलं असतं, त्यामुळे "छान आहे" असं स्वतःलाच सांगावं लागतं. उलट काही जण त्याच अपराधीपणातून बारीकसारीक गोष्टीवर चिडत असतील. मग खरं कोणाचं धरायचं?

दुसऱ्या ठिकाणी इमारत जुनी, मतं मिश्र. एका कुटुंबाची तक्रार की कपडे लाँड्रीत अदलाबदल होतात, एक जण म्हणाले रात्री बेल वाजवली की वेळ लागतो, बाकीचे तिघं बरं आहे म्हणाले. ऑनलाइन स्टार बघितले तर पहिलं खूप वर आहे.

ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज सांगा, नातेवाईकांना नक्की काय विचारायचं आणि ऐकलेल्यातलं काय धरायचं, काय सोडायचं?

प्रतिसाद १

मी नर्स आहे, अशा ठिकाणी बरीच वर्षं काम केलंय. तुमचं मन बरोबर दिशेने चाललंय. मतं मोजू नका, कोणी काय डोळ्यांनी बघितलं ते बघा. "स्टाफ प्रेमळ आहे" हे मत झालं, ग्लास डावीकडे हे बघितलेलं आहे. आणि त्या बाईंच्या वडिलांची अवस्था तुमच्या बाबांच्या अवस्थेच्या सगळ्यात जवळची, म्हणून त्यांच्या बोलण्याचं वजन जास्त.

"कसं आहे?" असं विचारूच नका. असं विचारा: शेवटची तक्रार कोणती केली आणि पुढे काय झालं? पेशंट पडला तर तुम्हाला किती वेळात फोन आला? वजन दर महिन्याला करतात का, आकडा दाखवतात का? महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन उतरलं तर ती काळजीची गोष्ट मानतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे महिन्यात तीन किलो. माकडहाड किंवा टाचेवर लाल डाग आला होता का, हे तर विचाराच. दाबल्यावर फिका न होणारा लाल डाग म्हणजे बेडसोअरची सुरुवात, साधारण दर दोन तासांनी कूस बदलली जात नसेल तर आधी तिथेच दिसतं. चूक सगळीकडे होते, पण चार वेळा सांगून तीच चूक होत असेल तर एका शिफ्टचं दुसऱ्या शिफ्टला कळत नाहीये. हे बाबांसारख्या पेशंटला फार महागात पडतं.

प्रतिसाद २

कपड्यांच्या तक्रारीला हलकं समजू नका एवढंच सांगते. आईला ठेवलं होतं तिथे एकांनी सांगितलेलं वस्तू हरवतात म्हणून, मी म्हटलं चालायचंच. मग आईचं कानातलं मशीन गेलं. आम्हाला कोणी बोललंच नाही. तीन आठवडे तिला काही ऐकू येत नव्हतं आणि फाइलमध्ये लिहिलं होतं "प्रतिसाद देत नाही". अजून आठवलं की पोटात कालवतं. तेव्हा हरवल्यावर त्यांनी काय केलं तेही त्या कुटुंबाला विचारा.

धागालेखक

दोघांचे मनापासून आभार. ताईलाही वाचायला दिलं. काल आम्ही दोघं न सांगता रात्री पावणेआठला गेलो. पहिल्या ठिकाणी रिसेप्शनवरून वर सोडलंच नाही, भेटीची वेळ संपली म्हणाले, तसा नियम असेलही. दुसऱ्या ठिकाणी सोडलं. एका आजोबांची बेल वाजली, मी घड्याळ लावलं, सहा मिनिटं लागली. पण ज्या मावशी आल्या त्यांनी डायपर बदलला, कूस बदलली, आणि जाताना ग्लास उचलून त्यांच्या चांगल्या हाताशी ठेवून स्ट्रॉ वळवून दिली. कोणी सांगितलं नव्हतं. ताई काहीच बोलली नाही, परत येताना गाडीत म्हणाली कपडेवाल्यांचा नंबर दे, मी बोलते.

रात्रीच्या वेळी सहा मिनिटं म्हणजे खूप आहेत का? नर्सताई, तेवढं सांगाल का, शनिवारपर्यंत कळवायचंय.