शब्दचर्चा: दोन्हीकडून मुलीच असतील तर पत्रिकेत ‘चि.सौ.कां.’ कुणाला?

आंबेहळद:
मदत हवी आहे आणि जरा घाईची. माझ्या भाचीचं लग्न आहे. भाची सांगलीची, तिची जोडीदारीण नाशिकची. दोघी टोरांटोत असतात, तिथली नोंदणी मागच्या उन्हाळ्यात झाली. (ऑन्टारिओत हे २००३ पासून होतं, सगळ्या कॅनडात २००५ पासून.) आता नाशिकला घरच्यांसमोर हळद, अंतरपाट, जेवणावळ असं सगळं साग्रसंगीत व्हायचंय. कार्यालय ठरलं, आचारी ठरला, पत्रिका मावशीच्या गळ्यात पडली, कारण मावशीनं तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं.

मावशी पहिल्याच ओळीला अडकली. ‘चि. अमुक यांचा विवाह चि.सौ.कां. तमुक हिच्याशी’ या साच्यात कोण ‘चि.’ आणि कोण ‘चि.सौ.कां.’? दोघींनाही चि.सौ.कां. लावून पाहिलं, तर बहीण म्हणाली, “एका मांडवात दोन लग्नं आहेत असं वाटतंय, नवरे छापायचे राहिलेत.” पुढे ‘वधूवरांस शुभाशीर्वाद’ आहेच. भाचीची अट एकच: मराठीत पाहिजे आणि मुद्दाम वेगळी केलेली वाटायला नको. शब्द सुचवा.

जुनंखोड:
अभिनंदन. चि.सौ.कां. म्हणजे चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी, सौभाग्याची इच्छा धरणारी. इथे सौभाग्य म्हणजे नवरा हयात असणं, तेव्हा ते दोघींनाही लागू नाही. ‘चिरंजीव’ला मात्र लिंग नाही. आमचे आजोबा नातींनाही ‘चि. बेबीस अनेक उत्तम आशीर्वाद’ असंच लिहायचे. दोघींना नुसतं ‘चि.’ लावा, काही उणं राहत नाही.

खरी मेख पुढच्या शब्दांत आहे. मुलगा ‘यांचा’ आणि मुलगी ‘हिच्याशी’. त्याला आदरार्थी बहुवचन, तिला साधं एकवचन. वर कर्ता, वधू ‘शी’ प्रत्ययाला लटकलेली. ‘चि. अमुक आणि चि. तमुक यांचा विवाह’ असं लिहिलंत की दोघी एका पायरीवर येतात. खरं तर हे सगळ्याच पत्रिकांना करायला हवं.

पाटीपेन्सिल:
आमच्या घरी एक जुनी पत्रिका जपून ठेवलेली आहे, पणजोबांची. ‘आमचे येथे श्रीकृपेंकरून चि. … यांचा शरीरसंबंध … करण्याचे योजिले आहे’. त्या काळी हा पत्रिकेतला अगदी सोवळा शब्द होता. सोयरीक जुळणं, नातं लागणं एवढाच अर्थ. आज कुणी छापून दाखवावा! शब्द पत्रिकेतून गेला तो थेट पोलीस डायरीत जाऊन बसला.

आंबेहळद:
हे मी भाचीला फोनवर वाचून दाखवलं. दहा मिनिटं हसत होती. आता हट्ट धरून बसलीय की हेच छापायचं. तिच्या आईला सांगायची हिंमत माझ्यात नाही.

घाटावरचा:
मला कुणाच्या आनंदात मिठाचा खडा टाकायचा नाही. पण ‘विवाह’ या शब्दाला कायद्याचा अर्थ आहे. सर्वोच्च न्यायालयानं मान्यता दिलेली नाही. मग ‘सोहळा’, ‘स्नेहमेळावा’ असं काही लिहावं.

दोनउंबरे:
निकाल १७ ऑक्टोबर २०२३ चा, पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा. लग्नाचा मूलभूत हक्क राज्यघटनेत नाही आणि विशेष विवाह कायदा आम्हा समलिंगी जोडप्यांना लागू करणं हे आपलं काम नाही, असं न्यायालयानं म्हटलं. म्हणजे इथे नोंदणी नाही. मांडव घालायला, हळद लावायला, पत्रिकेत काय लिहावं याला मनाई कुठेच नाही. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ची गोष्ट तर ६ सप्टेंबर २०१८ लाच संपली. आणि दादा, शब्दांचे मालक कायदेपंडित कधीपासून? गावाकडे कितीतरी लग्नं अजून नोंदवलेली नसतात, त्यांना कुणी स्नेहमेळावा म्हणतं का?

यवतमाळला २०१७ च्या डिसेंबरात दोन पुरुषांनी हॉटेलात जाहीर लग्न केलं, तेव्हा तर कलम ३७७ जसंच्या तसं होतं. पेपरांनी सरळ ‘लग्न’च लिहिलं.

मी आणि माझा नवरा पुण्यात असतो. आमच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेवर भीतभीत ‘स्नेहमेळावा’ छापलं होतं. अर्धे पाहुणे शाळेचं गेट-टुगेदर समजून हात हलवत आले. (आहेर बुडाला हे दुःख नाही. बरं, आहे थोडंसं.)

घाटावरचा:
आहेराचा मुद्दा पटला.

जुनंखोड:
मुळात जाऊ. ‘विवाह’ म्हणजे वि + वह्, वाहून नेणं. बापाच्या घरून मुलीला नेण्याची कल्पना त्यात बसलेली आहे. ‘परिणय’ म्हणजे परि + नी, अग्नीभोवती फिरवून नेणं. दोन्हींत नेणारा एक आणि जाणारी एक.

‘लग्न’ निराळं. लग् म्हणजे चिकटणं, जोडलं जाणं. ‘संलग्न’मधला तोच. ज्योतिषात पूर्व क्षितिजाला त्या घडीला टेकलेली रास म्हणजे लग्न. ती घटका साधून कार्य करायचं, म्हणून कार्यालाच लग्न म्हणू लागले. गंमत म्हणजे मराठीतलं ‘लागणे’ही याच धातूचं. ‘लग्न लागलं’ म्हणजे जोडलं गेलेलं जोडलं गेलं. यात कुणी कुणाला नेत नाही. मी असतो तर ‘विवाह’ काढून ‘लग्न’ छापलं असतं. साधा, घरचा शब्द आहे.

आंबेहळद:
आमच्याकडे दोघींनीही एकमेकींना विमानानं नेलंय, त्यामुळे ‘विवाह’लाही हरकत नव्हती. पण ‘लग्न’ आवडलं. ‘लग्न योजिले आहे’. छान वाटतं कानाला.

कोरासाडीपिन:
‘समलिंगी विवाह’ असा उल्लेख कुठे करायचा आहे का? बातम्यांत कुणी ‘समलिंगी’ लिहितं, कुणी ‘समलैंगिक’. बरोबर कोणतं?

दोनउंबरे:
मराठीत ‘समलिंगी’ जास्त रुळलाय. ‘समलैंगिक’ हिंदी वाहिन्यांवरून जास्त कानावर येतो. पुण्यात २००२ मध्ये समलिंगी लोकांसाठी काम करणारा समपथिक ट्रस्ट सुरू झाला, तो ‘समपथिक’ मला सगळ्यांत आवडतो, एकाच वाटेनं चालणारे. पण पत्रिकेवर यातलं काहीही नको! तुमच्या पत्रिकेवर ‘भिन्नलिंगी विवाह’ छापला होता का?

कोरासाडीपिन:
नाही हो. मुद्दा लक्षात आला.

आंबेहळद:
मग ‘वधूवरांस’चं काय करू? ‘वधू-वधूंस’ म्हणजे नाट्यसंगीतातली तान वाटते.

पाटीपेन्सिल:
उभयतांस! ‘उभयतांस शुभाशीर्वाद द्यावेत ही विनंती.’ जुन्याच पत्रिकांतला शब्द आहे, नवा काढायला नको.

आणि मराठी व्याकरणाचे आभार माना. हिंदीवाल्यांना ‘दोनों’ एवढंच मिळतं. आपल्याकडे दोन पुरुष असतील तर ‘ते दोघे’, दोन बायका असतील तर ‘त्या दोघी’, आणि बाई नि पुरुष असतील तर ‘ती दोघं’, म्हणजे चक्क नपुंसकलिंग. नवरा-बायकोला नपुंसकलिंगात ढकलणारी भाषा आपली! ‘जोडपं’ही नपुंसकलिंगीच, म्हणून कुणालाही चालतं.

जुनंखोड:
‘दंपती’ही चालेल, बरं का. आपल्याला त्यात ‘पती’ ऐकू येतो म्हणून बिचकायला होतं. अमरकोशात जोडप्याला ‘दम्पती जम्पती जायापती भार्यापती’ असे शब्द दिले आहेत, आणि पुढच्यांनी ‘जाया आणि पती’ असा अर्थ त्याला चिकटवला. पण वेदातला ‘दम’ म्हणजे घर. दम्पती हे द्विवचन, घराचे दोन धनी. त्यात नवराही नाही आणि बायकोही नाही, दोघांच्या नावावरचं घर आहे.

आंबेहळद:
तुम्हाला कसं कळलं? टोरांटोतल्या घराच्या कर्जावर दोघींच्या सह्या आहेत. हे मी बहिणीला वाचून दाखवलं. ती कालपर्यंत ‘लोक काय म्हणतील’वर होती. आज मला विचारतेय, “पाटीवर दंपती ऱ्हस्व की दीर्घ?”

जुनंखोड:
दीर्घ. आणि सप्तपदी करणार असाल तर तीही नीट ऐका. आश्वलायनाच्या गृह्यसूत्रात प्रत्येक पावलाला एकेक कारण आहे: अन्न, बळ, संपत्ती, सुख, प्रजा, ऋतू. सातव्याला म्हणतात ‘सखा सप्तपदी भव’. हे वाक्य वधूला उद्देशून आहे आणि तिथे ‘सखी’ म्हटलेलं नाही, ‘सखा’ म्हटलंय. सहा पावलं चालून झाल्यावर शेवटी मागितली ती मैत्री.

पोपटी:
मी फक्त रंगांसाठी आले. ‘रंगीबेरंगी’ लग्न करायचंय असं वाचलं की मला हसू येतं. कार्यक्रमाचा ‘बेरंग’ झाला म्हणजे विचका झाला, मग रंगीबेरंगीत तोच ‘बेरंगी’ काय करतो? तो आपला ‘लग्नबिग्न’मधल्या ‘बिग्न’सारखा मागून आलेला असावा. असो. रंग काय ठरलेत?

आंबेहळद:
इंद्रधनुष्य. आम्ही सातवीला शिकवायचो ते ‘तानापिहिनिपाजा’! तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. सात घरांना सात रंग वाटून दिले. आत्याचं घर तांबडं, मामाकडचे नारिंगी, असं.

दोनउंबरे:
मावशी, एक घर जास्त झालं. आमच्या अभिमानाच्या (प्राइडच्या) झेंड्यात सहाच पट्टे असतात. १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत गिल्बर्ट बेकरनं पहिला केला तेव्हा आठ होते, पुढच्याच वर्षी सहा उरले. आपल्या यादीतला पारवा त्यात नाही. म्हणजे ‘तानापिहिनिजा’.

आंबेहळद:
पारवा माझ्या धाकट्या जावेकडे दिलाय. तिला सांगायला तुम्ही येता का?

पोपटी:
पारवा राहू दे! कपाळाला हात लावला मी, इतका देखणा रंग, त्याला कोण काढतं! आणि निळ्याला नुसतं निळा म्हणू नका. दुकानात ‘चिंतामणी’ मागा, मोरपंखी मागा. तांबड्यात डाळिंबी, हिरव्यात पोपटी (माझा), जांभळ्यात वांगी. नारिंगीत शेंदरी घेऊ नका, फोटोत मारुती दिसतो.

हळदीच्या पिवळ्या साडीचं नाव विचारात घ्या. तिला ‘अष्टपुत्री’ म्हणतात. आठ मुलगे होवोत असा आशीर्वाद साडीतच विणलेला.

आंबेहळद:
भाची म्हणते, आठ मांजरांवर भागेल.

कोरासाडीपिन:
हळदीचा प्रश्न माझ्याही डोक्यात होता. नवऱ्या मुलाची उष्टी हळद नवरीला लावतात. इथे उष्टी कुणाची, कुणाला?

आंबेहळद:
दोन्ही आयांनी मिळून मिटवलं. एकच वाटी, आधी डावीकडची चिमूट हिला, मग उजवीकडची तिला, आणि उरलेली पुन्हा उलट. दोघींची हळद उष्टी. शिवाय मुंडावळ्या तर पहिल्यापासून दोघांनाही बांधतात, तिथे काही बदलायचंच नव्हतं. कानपिळीला मात्र वाद आहे. दोघींनाही भाऊ आहेत आणि दोघांनाही कान पिळायचाय.

घाटावरचा:
दोन भाऊ, दोन कान. हिशेब चोख आहे. पण मला एक सांगा, वरमाय कोण? मानपान कुणाचा? माझ्या बहिणीच्या लग्नात विहिणीच्या पंगतीत एक मोदक कमी पडला होता, ते अजून ऐकवतात.

पाटीपेन्सिल:
वरमाय नाहीच. ‘वरपक्ष’, ‘वधूपक्ष’ हे तोलाचे शब्द नव्हतेच कधी. पण ‘व्याही’ बघा. हे त्यांचे व्याही, ते यांचे व्याही. विहीणही तशीच. दोन्हीकडून एकच शब्द. भाषेनं मानपानात एवढी एक जागा बरोबरीची ठेवलेली आहे, ती वापरा. विहिणीच्या पंगती दोन करा, मोदक जास्त सांगा.

कोरासाडीपिन:
‘कन्यादान’ ठेवणार का?

आंबेहळद:
नाही. मेहुणे (म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान, भाचीचे बाबा) एकाच वाक्यात बोलले: “दान द्यायला ती घरी असते कुठे?”

नाव घेणं मात्र आहे. ‘रावां’चं काय करायचं यावर रात्रभर खल झाला. शेवटी नाशिककरणीनं स्वतःच जुळवलं:
‘गोदाकाठची मी, ती कृष्णाकाठची पोर,
नाव घेते तिचं, आता दोन्ही काठ समोर.’
प्रत्यक्ष नाव घेतलंच नाही, असा आक्षेप सासूबाईंनी नोंदवलाय. सासूबाई म्हणजे माझी बहीण. हा शब्दही तिला नवीनच आहे, दिवसातून चार वेळा स्वतःला लावून बघते.

जुनंखोड:
कोणाची सासू, मुलीची की सुनेची?

आंबेहळद:
तेच तर! सून म्हणायचं की जावई, हे घरात अजून ठरलेलं नाही. परवा शेजारच्या काकूंना ओळख करून देताना बहीण म्हणाली, “ही आमची नाशिकची.” तेवढ्यावर भागलं.

आंबेहळद:
ताजी खबर. पत्रिकेचा मजकूर असा गेला:

‘॥ श्री ॥ आमचे येथे श्रीकृपेकरून आमची ज्येष्ठ कन्या चि. … आणि … यांची कनिष्ठ कन्या चि. … यांचे लग्न योजिले आहे. तरी सहकुटुंब सहपरिवार येऊन उभयतांस शुभाशीर्वाद द्यावेत. आपापला रंग नेसून यावे.’ खाली पोरांची ओळ: ‘आमच्या दोन्ही मावशींच्या लग्नाला यायचं हं!’

आज छापखान्यातून प्रूफ आलं. ‘कनिष्ठ कन्या’चं ‘कनिष्ठ सुपुत्र’ झालेलं. फोन केला तर गृहस्थ म्हणाले, “ताई, तुमच्याकडून चुकून दोन्हीकडे मुलीच पडल्या होत्या, मी दुरुस्त केलं.” म्हटलं, चूक नाही, तसंच आहे. पलीकडे बराच वेळ नुसता यंत्राचा आवाज. मग विचारलं, “ठीक आहे. पण माझ्याकडे नवरा-नवरीचं चित्र एकच आहे, त्यात फेटा आहे. फेटा खोडू का?”

पोपटी:
खोडू नका म्हणावं. नाशिककरणीला फेटा शोभेल. चिंतामणी रंगाचा.