मदत हवी आहे: आई-बाबांच्या टीव्हीसाठी गूगलचा नवा बॉक्स अमेरिकेतून मागवावा, की इथलीच स्टिक घ्यावी?

सागरवेळ

नमस्कार मंडळी,

आई-बाबांच्या टीव्हीला जोडायला स्ट्रीमिंग बॉक्स घ्यायचा आहे. बहीण गणपतीला सिएटलहून येते आहे. तिला काय आणायला सांगायचं, की काहीच सांगायचं नाही, हे ती निघण्याआधी ठरवायला हवं. वाचन बरंच झालं, आता प्रत्यक्ष वापरणाऱ्यांचं मत हवं आहे.

घर चिपळूणजवळच्या गावात, जुनं, जांभ्याच्या जाड भिंतींचं. टीव्ही 43 इंची, 4के. चित्र अजून उत्तम आहे, पण आतली स्मार्ट यंत्रणा फार रखडते आणि कंपनीने अपडेट देणं केव्हाच थांबवलंय. आई रिमोटचं बटण दाबते, काही होत नाही, म्हणून पुन्हा दाबते. मग दोन्ही वेळचं दाबणं एकदम लागू होतं आणि ती भलत्याच ॲपमध्ये जाऊन पोचते. तिथून परत यायचं कसं ते तिला कळत नाही. मालिका तोवर अर्धी झालेली असते. रात्री फोनवर ती हे सांगते तेव्हा ‘माझंच काहीतरी चुकलं’ असं म्हणते, त्याचं मला फार वाईट वाटतं. तिचं काहीही चुकलेलं नसतं.

गावात आता फायबर आलंय, 100 एमबीपीएसचं कनेक्शन आहे. राऊटर माजघरात, टीव्ही पुढच्या खोलीत, मधे जांभ्याची भिंत. वाय-फायचा 5 गिगाहर्ट्झचा, म्हणजे वेगवान पण भिंतीत अडकणारा सिग्नल टीव्हीपर्यंत येतच नाही म्हटलं तरी चालेल, 2.4 वर कधी बरा वेग मिळतो, कधी नाही. म्हणून वायरमनकडून लॅन केबल टाकून घेतली आहे, ती टीव्हीच्या मागे तयार आहे.

घरात बघतात काय, तर आई स्टार प्रवाह आणि झी मराठीच्या मालिका. बाबा बातम्या, क्रिकेट आणि यूट्यूबवर कीर्तनं, शास्त्रीय गाणं. नेटफ्लिक्स आम्ही मुलं गेलो तरच. बाबांना ऐकू कमी येतं, त्यामुळे आवाज खूप मोठा ठेवावा लागतो आणि आईचं डोकं दुखतं. हाही प्रश्न यातच सुटला तर हवा आहे.

माझ्या मनात पहिला आहे ‘गूगल टीव्ही स्ट्रीमर’. सप्टेंबर 2024 मध्ये आला, अमेरिकेत 99.99 डॉलर. जुन्या क्रोमकास्टच्या जागी गूगलने हाच आणला. 4 जीबी रॅम (चालू ॲप्ससाठीची तात्पुरती स्मृती), 32 जीबी साठवण, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बॉक्सलाच गिगाबिट इथरनेटचं, म्हणजे लॅन केबल लावायचं तोंड आहे. 4के, डॉल्बी व्हिजन (रंग-उजेड खुलवणारं चित्र), ॲटमॉस (चहूबाजूंनी येणारा आवाज) सगळं चालतं. एक सोय तर मला फारच आवडली: बॉक्सच्या मागचं बटण दाबलं की हरवलेला रिमोट वाजतो. आमच्याकडे रिमोट सोफ्याच्या फटीत नाहीतर बाबांच्या पेपराखाली असतो.

पण गूगल तो भारतात अधिकृतपणे विकत नाही. बिघडला तर वॉरंटीसाठी पुन्हा कुणीतरी अमेरिकेला जायला हवं. शिवाय वाय-फाय जुन्या पाचव्या पिढीचंच दिलंय. मला केबल जोडायची असल्याने त्याने अडत नाही, पण या किमतीत हे पटलं नाही.

दुसरा पर्याय टीव्हीच्या एचडीएमआयमध्ये थेट खोचायची ॲमेझॉनची ‘फायर टीव्ही स्टिक 4के सिलेक्ट’. 2025 च्या शेवटी आली, इथे 5,499 रुपयांना. इथेच मिळते, इथेच बदलून मिळते. पण रॅम 1 जीबी, साठवण 8 जीबी, आणि तिच्यात अँड्रॉइडवर बेतलेलं जुनं फायर ओएस नसून ॲमेझॉनची स्वतःची ‘वेगा’ प्रणाली आहे. म्हणजे ॲमेझॉनच्या दुकानात जे ॲप असेल तेच, बाहेरून काही टाकता येणार नाही.

तिसरा, चिपळूणच्या एका दुकानदाराने दाखवलेला बिननावाचा ‘8के अँड्रॉइड बॉक्स’. बाकी सगळ्यांपेक्षा कितीतरी स्वस्त, आणि ‘सगळे चॅनल फुकट, कायमचे’ असं तो म्हणाला. बाबांना हाच पटलाय. मला भीती वाटते, पण त्यांना समजावायला ठोस कारण हवं.

1 जीबी रॅमने रोजच्या वापरात खरंच अडतं का? अमेरिकेतला बॉक्स इथे काही कटकट न होता चालतो का? बाबांच्या हेडफोनचं काय करावं? कृपया सांगा.

तारायंत्र

माझ्याकडे गूगलचा हाच बॉक्स आहे, अमेरिकेतूनच आणलेला, पुण्यात वापरतो. इथे चालायला काही अडचण नाही. प्ले स्टोअर तुमच्या गूगल खात्याचा देश बघतं, बॉक्स कुठे विकत घेतला ते नाही. खातं भारतातलं असेल तर झी5, सोनी लिव्ह, जिओहॉटस्टार सगळं नेहमीसारखं मिळतं. वीज यूएसबी-सीवरून घेतो, म्हणून अमेरिकन पिनेची चिंता नको. इथला चांगला 5 व्होल्टचा चार्जर लावा. टीव्हीच्या यूएसबीतून मात्र वीज देऊ नका. बऱ्याच टीव्हींचं ते तोंड अर्धा अँपिअरच देतं आणि मग बॉक्स मधेच बंद होऊन पुन्हा सुरू होत राहतो. एचडीएमआय केबल खोक्यात येत नाही, ती आधीच आणून ठेवा.

आता खटकणारं. मुखपृष्ठाचा वरचा मोठा भाग जाहिराती आणि शिफारशींनी भरलेला असतो. तुमच्या आईंना तिथे गोंधळायला होईल. सेटिंगमध्ये खात्याच्या खाली ‘ॲप्स ओन्ली मोड’ आहे, तो सुरू केला की शिफारशींच्या रांगा जाऊन ॲप्स समोर येतात. काही सोयी त्यात बंद होतात, पण तुमच्या घरी त्यांची गरज दिसत नाही.

आणखी एक, जे कुणी सांगत नाही. आपल्याकडचं टीव्हीचं चित्रीकरण बहुतेक सेकंदाला 25 चौकटींचं (फ्रेम्सचं) असतं आणि हे बॉक्स मुळात 60 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 60 वेळा चित्र बदलायला लावलेले येतात. 60 ला 25 ने भाग जात नाही, म्हणून बातम्यांच्या खालच्या पट्टीवरची अक्षरं सरकताना झटके खातात. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन 50 हर्ट्झ निवडा. बाबा बातम्या बघतात म्हणालात म्हणून आवर्जून लिहिलं.

कऱ्हाकाठ

मी स्टिकच्या बाजूने बोलणार. मराठी मालिका 4के मध्ये नसतात, एचडी मिळाली तरी खूप. नेटफ्लिक्सचं 4के हवं तर त्यांचा सगळ्यात महाग, 649 रुपयांचा प्लॅन लागतो आणि 15 एमबीपीएस सलग वेग. हे सगळं वर्षातून काही दिवस येणाऱ्या मुलांसाठी? 32 जीबी साठवणीत ज्येष्ठ माणसं काय ठेवणार आहेत? चार-पाच ॲप्स 8 जीबीत बसतात. वस्तू इथे मिळते, बिल मिळतं, खराब झाली तर बदलून मिळते. गावात राहणाऱ्यांना याचंच मोल जास्त.

इथरनेटसाठी वेगळा अडॅप्टर घ्यावा लागेल, तुम्ही घ्याल त्या मॉडेलशी तो जुळतो का तेवढं आधी बघा. ॲमेझॉनचा अडॅप्टर 100 एमबीपीएसपर्यंतच जातो, पण तुमचं कनेक्शनच तेवढं आहे.

तारायंत्र

कऱ्हाकाठ, साठवणीचं पटलं, रॅमचं नाही. आईंच्या मालिका दोन वेगवेगळ्या ॲप्सवर आहेत. स्टार प्रवाह जिओहॉटस्टारवर, झी मराठी झी5 वर. रोज संध्याकाळी इकडून तिकडे जाणं आलंच. रॅम 1 जीबी असली की प्रणाली मागचं ॲप बंद करून टाकते, परत आलात की ते पहिल्यापासून उघडतं. प्रोफाइल निवडा, मालिका शोधा, पुन्हा सगळं. तुम्हा-आम्हाला त्यात थोडा वेळ जातो, सत्तरीच्या माणसाला वाटतं की बिघडलं. मूळ तक्रार हीच होती ना?

खिडकी

दुकानदाराच्या बॉक्सबद्दल बोलते, कारण हा मुद्दा सगळ्यात गंभीर आहे. कृपा करून तो घरात आणू नका.

बिननावाचे बरेचसे स्वस्त बॉक्स अँड्रॉइड टीव्हीवर नसतातच. फोनच्या अँड्रॉइडची मोफत आवृत्ती टाकून, गूगलची मान्यता न घेता ते विकले जातात. यातल्या कित्येकांमध्ये कारखान्यातून निघतानाच घातक सॉफ्टवेअर भरलेलं आढळलंय. ‘बॅडबॉक्स 2.0’ या नावाने हे प्रकरण गाजलं. जून 2025 मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने जाहीर इशारा दिला, जुलैमध्ये गूगलने न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात दावा लावला, आणि बाधित उपकरणांचा आकडा एक कोटीच्या वर सांगितला. असा बॉक्स घरच्या इंटरनेटवरून दुसऱ्यांची कामं करतो. जाहिरातींवर खोट्या टिचक्या, चोरट्या व्यवहारांसाठी तुमचा पत्ता वापरणं, असं काहीही. त्याच वाय-फायवर बाबांचा फोन असतो, आणि फोनमध्ये बँक.

बाबांना पटेल असं साधं कारणही आहे: त्यावर चित्रच चांगलं दिसणार नाही. नेटफ्लिक्स, प्राइम यांच्या व्हिडिओला वाइडवाइन नावाचं कुलूप असतं. मान्यताप्राप्त बॉक्सला त्याची एल1 पातळी मिळते, या बॉक्सना बहुधा एल3. एल3 वर साधारण 480पी च्या, म्हणजे जुन्या टीव्हीच्या दर्जाच्या पुढे चित्र येत नाही. खोक्यावर 8के छापलं काय नि नाही काय, 43 इंची पडद्यावर ते धूसरच दिसणार. आणि ‘सगळे चॅनल फुकट’ म्हणजे चोरीचं प्रक्षेपण. आज आहे, सामन्याच्या दिवशी नसेल.

कुठलाही बॉक्स घ्या, पण अँड्रॉइड टीव्हीच्या संकेतस्थळावर गूगलच्या मान्य भागीदारांची यादी आहे, त्यात ती कंपनी आहे का ते बघा.

दूरदेशी

ॲपल टीव्ही 4के चा कुणी उल्लेख केला नाही. 2022 चं मॉडेल भारतात 14,900 पासून आलं. जाहिरात नाही, अडकणं नाही, सेटिंग एकदा सुरू केलं की चौकटींचा वेगही जुळवून घेतो. पण इथरनेट हवं तर 128 जीबीचंच घ्यावं लागतं, तेही महाग. रिमोटच्या गोलावर बोट सरकलं की पडद्यावरचं सरकतं, वयस्कांना ते जमत नाही. सेटिंगमधून ते बंद करता येतं. घरात आयफोन नसेल तर माझ्या मते यात पडू नका.

स्वरसाधना

बाबांच्या ऐकण्याबद्दल. बॉक्सला ब्लूटूथ हेडफोन जोडला की टीव्हीचा आवाज बंद होतो, मग आईंना काहीच ऐकू येत नाही. त्यामुळे कुठलाही बॉक्स घेतलात तरी हेडफोन बॉक्सला जोडू नका. टीव्हीच्या मागे ‘ऑप्टिकल’ असं लिहिलेलं चौकोनी तोंड आहे का बघा, झाकण उघडलं की आत लाल उजेड दिसतो. तिथे ब्लूटूथ ट्रान्समीटर, म्हणजे टीव्हीचा आवाज बिनतारी हेडफोनला पाठवणारी डबी लावायची. बहुतेक टीव्हींमध्ये स्पीकर चालू राहून ऑप्टिकलमधूनही आवाज निघतो, म्हणजे बाबा त्यांच्या आवाजात ऐकतील आणि आई तिच्या. टीव्हीच्या ऑडिओ सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’ (साधा स्टिरिओ आवाज) ठेवा. साध्या ट्रान्समीटरना डॉल्बीचा सिग्नल कळत नाही आणि हेडफोन गप्प राहतो. आवाज ओठांच्या मागून यायला लागला तर ‘लो लेटन्सी’चा, म्हणजे आवाज कमी उशिराने पोचवणारा ट्रान्समीटर आणि त्याला जुळणारा हेडफोन, दोन्ही घ्यावे लागतात. माझ्या सासऱ्यांकडे अशीच जोडणी आहे आणि ते आता पुन्हा मैफली ऐकतात.

सागरवेळ

सगळ्यांचे मनापासून आभार. खिडकी, तुमचा प्रतिसाद मी फोनवर बाबांना शब्दशः वाचून दाखवला. बँकेचा मुद्दा आल्यावर ते म्हणाले, ‘नको मग तो.’ तो विषय संपला.

भावाला विचारून टीव्हीच्या मागचे फोटो मागवले, ऑप्टिकलचं तोंड आहे. ट्रान्समीटर इथूनच घेते.

कऱ्हाकाठ, वॉरंटीचं तुमचं म्हणणं वजनदार आहे आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण दोन ॲप्समधली ये-जा आणि तयार असलेली लॅन केबल, या दोन्हींमुळे मन गूगलच्या बॉक्सकडे झुकलंय. बिघडला तर पैसे गेले असं समजून चालेन. बहिणीला आज कळवते. गणपतीत सगळे घरी असू तेव्हा मी स्वतः बसून 50 हर्ट्झ, ॲप्स ओन्ली मोड, सगळं लावून देईन आणि आईच्या हातात रिमोट देऊन तिच्याकडूनच सगळं करून घेईन.

एकच राहिलं. बाबांना सह्याद्री वाहिनी थेट हवी असते. प्रसार भारतीचं ‘वेव्ज’ ॲप नोव्हेंबर 2024 मध्ये आलं, फोनवर ते छान चालतं. गूगल टीव्हीवर ते कुणी वापरतंय का? सह्याद्री न अडकता दिसते का? नसेल तर सध्याची डीटीएचची जोडणी दुसऱ्या एचडीएमआयवर तशीच ठेवावी लागेल, आणि मग आईला इनपुट बदलायला शिकवावं लागेल. ते टळलं तर फार बरं होईल.