'टायमिंग मागे घे' म्हणजे लवकर की उशिरा?

वागळेकर : आमची जुनी ओम्नी, ७९६ सीसीची, कार्ब्युरेटरवाली. गायमुखच्या चढाला इंजिन टकटक करायला लागलं. वागळे इस्टेटमधल्या मेकॅनिकने पोराला सांगितलं, "टायमिंग जरा मागे घे." म्हणजे करंट, प्लगची ठिणगी, उशिरा पडू दे. पोराने डेल्को भलत्याच बाजूला फिरवला, टकटक दुप्पट. विचारलं तर म्हणतो, "मागे म्हणजे आधीच ना, काका?" आता चूक पोराची की मराठीची?

कळवेकर : पोराला बोल लावू नका. 'मागे एकदा आलो होतो' यातलं मागे आधीचंच. बैठक पुढे ढकलली की उशीर होतो, आणि घड्याळ पुढे असलं की सगळं लवकर! गॅरेजातलं 'पुढे' हे घड्याळातलं आहे, कचेरीतलं नव्हे.

नेरूळकर : डेल्को म्हणजे काय?

कळवेकर : डिस्ट्रिब्युटर, प्लगांना करंट वाटणारा. 'डेटन इंजिनियरिंग लॅबोरेटरीज कंपनी' या अमेरिकन नावाची आद्याक्षरं. वनस्पती तुपाचा डालडा झाला, तसं.

तुर्भेकर : 'अलीकडे' का वापरत नाही? पेट्रोल-हवेचं मिश्रण जळायला वेळ घेतं, म्हणून पिस्टन टॉपला पोचायच्या आधीच ठिणगी पडावी लागते. क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतो तो दांडा, मिनिटाला ३००० फेऱ्या मारत असताना त्याचे १० अंश म्हणजे सेकंदाचा १८००वा भाग. तीन हात नाक्याच्या अलीकडे उतरलो म्हणतो, तसं 'टॉपच्या अलीकडे १० अंश'. यात गोंधळाला जागाच नाही. 'प्रज्वलन' वगैरे पाठ्यपुस्तकात राहू द्या.

वागळेकर : शब्द पटला. पण हात कुठे फिरवायचा?

तुर्भेकर : डेल्कोच्या आतला रोटर फिरतो त्याच्या उलट डेल्को फिरवलात तर ठिणगी लवकर, त्याच्याच दिशेने फिरवलात तर उशिरा. अगदी केसभर. डेल्को १ अंश हलला की क्रँकच्या हिशेबात २ होतात. आणि आधी पॉइंटचा, म्हणजे डेल्कोतल्या करंट तोडणाऱ्या स्विचचा, गॅप बघा. तो नंतर बदललात तर टायमिंग परत हलणार.

नेरूळकर : टायमिंग 'लावतात' की 'बसवतात'?

कळवेकर : बेल्ट बसवतात, टायमिंग लावतात. आमच्याकडे 'टायमिंग मारून दे'सुद्धा ऐकलंय, मला ते आवडत नाही. गडकरी रंगायतनमध्ये मात्र टायमिंग फक्त 'असतं' किंवा 'चुकतं'.

वागळेकर : आज मेकॅनिकला 'अलीकडे' सुचवून आलो. म्हणाला, "कशाच्या अलीकडे?"