मदत हवी आहे : बाप्तिस्म्याची तारीख जन्मतारखेच्या आधीची कशी? (आयर्लंड, कौंटी केरी, १८६९)

नमस्कार,

माझ्या सासूबाई आयरिश आहेत आणि त्यांच्या आजीचा जन्म नक्की केव्हा झाला, हे शोधण्याचे काम मी हौसेने अंगावर घेतले आहे. आजीचे नाव ब्रिजेट. घरात सगळे तिला डीलिया म्हणत. तिचे माहेर कौंटी केरीतील केनमेअरच्या परिसरात होते. त्या घरातील माणसे आजही तेथेच राहत असल्यामुळे आडनाव देत नाही.

आयर्लंडमध्ये जन्माची सरकारी नोंदणी १८६४ साली सुरू झाली, त्यामुळे ब्रिजेटची नोंद मला विनामूल्य सरकारी संकेतस्थळावर मिळाली. त्या पानावर जन्मतारीख १४ मार्च १८६९ आहे, वडिलांचे नाव डार्बी आहे आणि माहिती देणाऱ्याच्या सहीच्या जागी फुली आहे. त्यानंतर कॅथलिक पॅरिशची (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील परिसराची) नोंदवही पाहिली, तर लॅटिनमध्ये लिहिलेल्या नोंदीत बाप्तिस्म्याची तारीख २८ फेब्रुवारी १८६९ अशी आहे. मूल जन्मण्याच्या दोन आठवडे आधी त्याचा बाप्तिस्मा होणे शक्य नाही, म्हणून मी प्रथम ही दुसरीच मुलगी असावी असे मानले. परंतु आईचे माहेरचे आडनाव दोन्हीकडे तेच आहे आणि गावही तेच आहे. फक्त वडिलांचे नाव बाप्तिस्म्याच्या नोंदीत ‘जेरेमियास’ असे आहे.

गुंता येथे संपत नाही. शेजारच्या किलगार्व्हन पॅरिशमध्ये १८६६ सालची आणखी एका ब्रिजेटची बाप्तिस्म्याची नोंद आहे आणि तेथेही आईवडिलांची नावे हीच आहेत. हिची सरकारी जन्मनोंद मात्र मला सापडली नाही. आईवडिलांचा विवाह फेब्रुवारी १८६५ मध्ये त्याच किलगार्व्हन पॅरिशमध्ये झालेला आहे. १९०१ च्या जनगणनेत ब्रिजेटचे वय २८ लिहिले आहे आणि १९११ च्या जनगणनेत ४२. तिच्या आईचे वय तर दहा वर्षांत ६० वरून ७४ वर गेले आहे!

या दोन नोंदींपैकी कोणती ब्रिजेट आमची आणि तिच्या जन्माची कोणती तारीख मी वंशावळीत लिहावी, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

नमस्कार. आपण दिलेल्या माहितीवरून १८६९ च्या दोन्ही नोंदी एकाच मुलीच्या आहेत, असे मला जवळजवळ निश्चितपणे वाटते.

केरी आणि कॉर्क भागात दियार्मिद या आयरिश नावाचे इंग्रजी रूप कधी डार्बी, तर कधी जेरेमाया असे केले जाई आणि लॅटिनमध्ये लिहिणारा धर्मगुरू त्याचे जेरेमियास करी. एकाच माणसाला तीन कागदांवर तीन नावे असणे तेथे नेहमीचे आहे, आणि ब्रिजेटला डीलिया म्हणणेही तसेच. आडनावापुढचे ‘ओ’ किंवा ‘मॅक’ कधी असते, कधी गळते, हेही शोधताना ध्यानात असू द्यावे.

तारखांच्या उलटेपणाचे कारण दंडात आहे. मुदतीनंतर जन्म नोंदवणाऱ्याला दंड होत असे. नोंदणी करणारा बहुधा सरकारी दवाखान्याचा डॉक्टर असे आणि डोंगराळ भागातून त्याच्यापर्यंत जायला अख्खा दिवस मोडत असे. त्यामुळे लोक सवडीने जात आणि मुदत उलटलेली असली, तर जन्मतारीखच थोडी पुढे सरकवून सांगत. याउलट कॅथलिक घरात मुलाचा बाप्तिस्मा जन्मानंतर लगेच, पुष्कळदा दोनचार दिवसांतच उरकला जाई, आणि धर्मगुरूला खोटी तारीख सांगण्यात कोणाचाच लाभ नव्हता. म्हणून अशा विसंगतीत मी बाप्तिस्म्याची तारीख ग्राह्य धरतो. सरकारी पानावर नोंदणीच्या दिवसाचा वेगळा रकाना असतो. तो दिवस सांगितलेल्या जन्मतारखेपासून मुदतीच्या अगदी काठावर पडत असेल, तर ही शंका अधिकच बळावते.

आता १८६६ ची ब्रिजेट. विवाह बहुतेक वेळा वधूच्या पॅरिशमध्ये होत असे, आणि तोही लेंटचा उपवासकाळ सुरू होण्याआधी उरकण्याची घाई असल्यामुळे फेब्रुवारीत पुष्कळ विवाह दिसतात. म्हणजे किलगार्व्हन हे आईचे माहेर असावे. पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा आईच्या माहेरच्या पॅरिशमध्ये झाल्याची उदाहरणे आयर्लंडमध्ये आढळतात. पहिले बाळंतपण माहेरी, हे आपल्याला वेगळे समजावून सांगायला नकोच. तेथील रूढीप्रमाणे पहिल्या मुलीला बहुधा आईच्या आईचे नाव ठेवत आणि ती मुलगी लहानपणीच दगावली, तर तेच नाव पुढच्या मुलीला देत. येथे तसेच घडले असावे, असा माझा तर्क आहे. सरकारी नोंद न सापडण्याचे मला नवल वाटत नाही, कारण सुरुवातीच्या वर्षांत कित्येक जन्म नोंदवलेच गेले नाहीत. तरीही तर्कावर थांबू नये. १८६६ ते १८६९ या काळातील मृत्यूंची सूची केनमेअर युनियनमध्ये, म्हणजे त्या नावाच्या नोंदणी-विभागात, पाहावी. आयरिश मृत्युनोंदीत आईवडिलांची नावे नसतात, त्यामुळे माहिती देणारा कोण होता, हाच एक धागा हाती लागतो. तसेच दोन्ही बाप्तिस्म्यांतील साक्षीदार, म्हणजे मुलाचे धर्मपिता आणि धर्ममाता, पाहावेत. ते बहुधा मावशी, काका अशा नात्यातले असतात, आणि शेजारीच डार्बी नावाचे दुसरे कुटुंब असेल, तर ते येथेच वेगळे ओळखू येते.

जनगणनेतील वयांवर फार भिस्त ठेवू नये; ती अंदाजानेच सांगितलेली असत. आईचे वय दहा वर्षांत चौदाने वाढले, त्याचे कारण मात्र सरळ आहे. वृद्धांना निवृत्तिवेतन देणारा कायदा १९०८ साली झाला, जानेवारी १९०९ पासून सत्तरी गाठलेल्यांना पैसे मिळू लागले, आणि १९११ च्या जनगणनेत सगळ्या आयर्लंडभर साठीतली माणसे एकदम सत्तरीपार गेलेली दिसतात.

आणखी एक विनंती. सूचीतील उताऱ्यावर विसंबू नका, मूळ पानाचे चित्र पाहा. नॅशनल लायब्ररी ऑफ आयर्लंडने साधारण १८८० पर्यंतच्या कॅथलिक नोंदवह्यांची चित्रे २०१५ पासून सर्वांना खुली केली आहेत.

मूळ प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

मनःपूर्वक आभार. मृत्यूंच्या सूचीत ब्रिजेट नावाची दोन वर्षांची मुलगी १८६८ साली मिळाली. पानावर ‘शेतकऱ्याची मुलगी’ असे लिहिले आहे आणि माहिती देणाऱ्याचे नाव डार्बी असून त्यापुढे फुली आहे. गावही आमचेच आहे. बाप्तिस्म्याच्या दोन्ही नोंदींत धर्ममाता एकच बाई असून तिचे आडनाव आईच्या माहेरचे आहे. वंशावळीच्या तक्त्यात मात्र जन्मतारखेसाठी एकच चौकट आहे. तेथे काय लिहावे?

प्रतिसाद

मग शंका उरत नाही. चौकटीत ‘२८ फेब्रुवारी १८६९ पूर्वी’ असे लिहावे आणि टिपेत सरकारी नोंदीतील १४ मार्च ही तारीख, नोंदणीच्या दिवसासह, जशीच्या तशी ठेवावी. सासूबाईंना कधी सरकारी कामासाठी ब्रिजेटच्या जन्माचा दाखला लागला, तर त्यावर १४ मार्चच छापून येईल. १८६६ च्या ब्रिजेटलाही तक्त्यात स्वतंत्र जागा द्यावी, नाहीतर पुढे कोणीतरी दोघींना एकच समजून पुन्हा जोडून टाकील.