गाडीच्या स्क्रीनला फोन जोडला जात नाही: सोसायटीच्या पार्किंग ग्रुपवरची चर्चा

ए-५०२: नमस्कार. गाडीत अँड्रॉइड ऑटो (फोनचे नकाशे, गाणी गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारी सोय) येत नाहीये. केबल लावली की फोन चार्ज होतो, पण स्क्रीनवर "फोन कनेक्ट करा" एवढंच दिसत राहतं. ब्लूटूथवर कॉल मात्र व्यवस्थित येतात. कुणाला कल्पना आहे का?

डी-१०२: फोन फॅक्टरी रीसेट करा. हमखास उपाय.

सी-३०१: काका, एवढ्यात नको. फोन पुसून गाडीतला पोर्ट बदलत नाही 😄

ताई, चार्ज होतो पण दिसत नाही, म्हणजे आधी केबलवर संशय घ्या. साध्या यूएसबी २.० केबलमध्ये चार तारा असतात. दोन विजेच्या आणि दोन डेटाच्या. काही स्वस्त केबलमध्ये डेटाच्या तारा घातलेल्याच नसतात, काहींमध्ये वाकवून वाकवून आतल्या आत तुटतात. विजेच्या शाबूत असल्या की चार्जिंग चालू राहतं आणि केबल चांगली आहे असं वाटतं. तीच केबल लॅपटॉपला लावा, फोन अनलॉक करा, नोटिफिकेशनमधून "फाइल ट्रान्सफर" निवडा. फोटोंची फोल्डरं दिसली तर डेटाच्या तारा जिवंत आहेत.

ए-५०२: आत्ताच बघितलं. लॅपटॉपवर फोल्डर दिसतात.

सी-३०१: मग तारा आहेत. लांबी किती आहे? आणि गाडीत कोणत्या पोर्टला लावता?

ए-५०२: दीड मीटर असेल. गिअरच्या पुढे दोन पोर्ट आहेत, त्यातल्या टाइप-सी मध्ये लावते.

ए-११०१: दोन पोर्ट असले तरी दोन्ही स्क्रीनला जोडलेले असतीलच असं नाही. बऱ्याच गाड्यांत एकच डेटाचा असतो आणि दुसरा नुसता चार्जिंगचा. मागच्या सीटवाल्यांसाठी दिलेले तर बहुतेकदा चार्जिंगचेच. पोर्टशेजारचं चिन्ह बघा. फोनचं चित्र किंवा तीन फाट्यांचं यूएसबी चिन्ह म्हणजे डेटा. फक्त विजेचं किंवा बॅटरीचं चिन्ह म्हणजे चार्जिंग. चिन्ह पुसट असेल तर गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळेल.

ए-५०२: अय्या, टाइप-सी वर विजेचं चिन्ह आहे! फोनचं चित्र शेजारच्या मोठ्या पोर्टवर आहे.

ए-५०२: मोठ्या पोर्टमध्ये लावलं. आता ऑटो सुरू होतं, नकाशा येतो आणि थोड्या वेळात जातो. परत येतो, परत जातो.

सी-३०१: आता दीड मीटरची केबल आडवी येतेय. गूगलची स्वतःची शिफारस तीन फुटांपेक्षा कमी लांबीची, म्हणजे साधारण ९० सेंटीमीटरच्या आतली केबल वापरा अशी आहे. मध्ये हब (एका पोर्टचे अनेक करणारा जोड) किंवा एक्स्टेन्शनही नको. फाइल कॉपी होताना क्षणभर अडखळलं तर आपल्या लक्षातही येत नाही. ऑटोमध्ये स्क्रीनचं चित्र सतत वाहत असतं, तिथे तेवढ्यानेही जोडणी पडते. म्हणून लॅपटॉपवर पास झालेली केबल गाडीत नापास होऊ शकते.

नवीन केबल आणायच्या आधी फोनचा पोर्ट बघा. खिशातला कापसासारखा कचरा टाइप-सी च्या तळाशी दाबून बसतो आणि प्लग पूर्ण आत जात नाही. प्लग लावल्यावर फट दिसत असेल किंवा हलका धक्का लागला तरी चार्जिंग जात असेल तर तेच कारण. फोन बंद करायचा, लाकडी टूथपिकने कडेने अलगद कचरा काढायचा. सुई, सेफ्टी पिन अजिबात नाही, आतली पट्टी नाजूक असते.

बी-७०४: यात भर. केबल आणि पोर्ट ठीक करूनही "कनेक्ट होत नाही" आलं, तर जुनी नोंद काढा. फोनच्या सेटिंग्जमध्ये वर शोधायच्या चौकटीत "अँड्रॉइड ऑटो" टाइप करा, कारण प्रत्येक फोनमध्ये ते वेगळ्या मेनूत लपवलेलं असतं. अँड्रॉइड १० पासून ते फोनमध्येच असतं, वेगळा आयकॉन शोधत बसू नका. आत आधी जोडलेल्या गाड्यांची यादी आहे, तिथून गाडी काढा. मग गाडीच्या स्क्रीनवरच्या फोनच्या यादीतूनही हा फोन काढा.

दोन्हीकडून काढणं महत्त्वाचं. ब्लूटूथ पेअर होताना एक गुप्त किल्ली तयार होते आणि ती दोघांकडे साठवली जाते. एकीकडची पुसली आणि दुसरीकडची राहिली की किल्ल्या जुळत नाहीत. मग "पेअरिंग अयशस्वी", किंवा जोडलं जाऊन लगेच तुटणं, हा खेळ चालू राहतो. बहुतेक लोक फक्त फोनमधून काढतात आणि मग गाडीला शिव्या देतात.

नव्याने जोडताना गाडी उभी, हँडब्रेक ओढलेला, फोन अनलॉक. पहिल्या वेळी फोनवर परवानग्यांच्या तीन-चार खिडक्या येतात. फोन लॉक असेल तर त्या मागेच राहतात आणि स्क्रीन नुसती वाट बघत बसते. तिथेच "लॉक असताना सुरू करा" असा पर्याय दिसला तर चालू ठेवा.

बी-२०२: माझा प्रश्न वेगळा आहे. केबल नाही, वायरलेस आहे. कधी आपोआप जोडलं जातं, कधी नाहीच. अँड्रॉइडच.

बी-७०४: वायरलेसमध्ये काय होतं ते एकदा कळलं की शोधणं सोपं जातं. फोन आणि गाडी आधी ब्लूटूथवर भेटतात. ब्लूटूथवरून गाडी फोनला आपल्या वाय-फायचं नाव आणि पासवर्ड देते. फोन त्या वाय-फायला जोडला जातो आणि नकाशा, गाणी सगळं तिथून वाहतं. म्हणजे ब्लूटूथ, वाय-फाय आणि लोकेशन तिन्ही चालू हवं. "मी मोबाइल डेटा वापरतो, वाय-फाय बंदच असतं" म्हणणाऱ्यांचं वायरलेस कधीच चालणार नाही.

अँड्रॉइड ११ किंवा पुढचं आणि फोनमध्ये ५ गिगाहर्ट्झ वाय-फाय, हे दोन्ही असेल तर फोन पात्र आहे. गाडीलाही वायरलेस येत असायला हवं, केबलवर ऑटो चालतं म्हणजे वायरलेस चालेलच असं नाही.

आता "कधी चालतं, कधी नाही" याची नेहमीची कारणं. मोबाइल हॉटस्पॉट चालू राहिलेला असतो. व्हीपीएन (फोनचं इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमधून फिरवणारी सोय) चालू असतो, ऑफिसचा किंवा जाहिराती अडवणारा. फोन बॅटरी सेव्हरमध्ये जातो आणि मागे चालणारी कामं झोपवतो. हॉटस्पॉट आणि व्हीपीएन आधी बंद करून बघा, मग अँड्रॉइड ऑटो आणि गूगल अ‍ॅप या दोघांची बॅटरी मर्यादा "अनिर्बंध" करा.

बी-२०२: व्हीपीएन आहे, ऑफिसचा. बंद केला तर लगेच जोडलं गेलं. पण तो कायम बंद ठेवता येणार नाही.

बी-७०४: व्हीपीएन अ‍ॅपमध्ये ठरावीक अ‍ॅप वगळायची सोय असते का बघ, तिथे अँड्रॉइड ऑटो वगळ. ऑफिसने ती सोय बंद ठेवली असेल तर केबल वापर.

ए-११०१: आणि नुकताच डॅशकॅम (रस्ता टिपणारा गाडीतला कॅमेरा) बसवला असेल तर त्याचंही वाय-फाय बंद करून बघा. छोट्याशा केबिनमध्ये दोन वाय-फाय एकाच बँडवर ओरडत असतात.

डी-१०२: एवढं सगळं करण्यापेक्षा साधं ब्लूटूथ काय वाईट आहे? गाणी वाजतात, कॉल येतात.

सी-३०१: काका, गाणी आणि कॉल एवढंच हवं असेल तर खरंच पुरेसं आहे, आणि बिघडायला त्यात कमी गोष्टी आहेत. पण तेही एक नसतं. कॉल, गाणी आणि फोनबुक असे तीन वेगळे प्रोफाइल, म्हणजे जोडणीचे प्रकार असतात. म्हणून कॉल येतात पण गाणी फोनमधूनच वाजतात अशी तक्रार येते. फोनच्या ब्लूटूथ यादीत गाडीच्या नावापुढचं चक्र दाबा, तिथे "फोन कॉल", "मीडिया ऑडिओ", "संपर्क शेअर करणे" अशी वेगवेगळी बटणं आहेत. स्क्रीनवर नावांऐवजी नुसते नंबर दिसत असतील तर तिसरं बटण बंद आहे, किंवा जोडताना आलेल्या विनंतीला कुणीतरी "नाही" म्हटलंय.

डी-१०२: तिसरं बंदच होतं. आता नावं आली. 🙏

सी-१०४: आयफोनवाल्यांनी काय करायचं? सेटिंग्जमध्ये जनरलखाली कारप्ले (आयफोनचं अँड्रॉइड ऑटोसारखंच) दिसतच नाही.

बी-७०४: ताई, स्क्रीन टाइममध्ये निर्बंध लावलेत का? घरात मुलं फोन वापरतात म्हणून लावलेले असतात. सेटिंग्ज, स्क्रीन टाइम, मग मजकूर आणि गोपनीयतेचे निर्बंध, त्यात परवानगी असलेली अ‍ॅप. तिथे कारप्ले चालू करा. सिरीही (आयफोनची आवाजी मदतनीस) चालू हवी, ती बंद असेल तर कारप्ले सुरू होत नाही. वायरलेस असेल तर सेटिंग्जच्या वाय-फायमध्ये गाडीचं नेटवर्क उघडून "ऑटो-जॉइन" चालू आहे ना तेही बघा.

आणखी एक. वायरलेस कारप्ले जोडलं गेलं की आयफोन त्या गाडीचं ब्लूटूथ सोडून देतो, कारण कॉलही वाय-फायवरूनच जातात. ब्लूटूथच्या यादीत गाडी "जोडलेली नाही" दिसली म्हणून पुन्हा पुन्हा जोडू नका. चालू असलेलं बंद पडेल. अँड्रॉइडमध्ये उलट आहे, केबल लावली तरी कॉलचा आवाज ब्लूटूथनेच जातो. नकाशा दिसतोय पण कॉल फोनमध्येच वाजतोय असं झालं तर केबल बदलू नका, ब्लूटूथ बघा.

सी-१०४: स्क्रीन टाइमच होता. आता दिसतंय. केबलने लावताना छोटा हब वापरला तर चालेल? एकाच पोर्टला पेनड्राइव्हही लावायचा आहे.

बी-७०४: बहुतेक नाही. केबलच्या कारप्लेमध्ये गाडी आणि आयफोन आपल्या भूमिका बदलतात. यूएसबीवर आयफोन मालक होतो आणि गाडी त्याचं उपकरण. साध्या हबला ही अदलाबदल जमत नाही. थेट पोर्टमध्येच लावा.

ए-५०२: नवीन छोटी केबल लावली. अर्धा तास चालवली, एकदाही तुटलं नाही. एकच गोष्ट, गाडी सुरू करताना स्क्रीन काळी होऊन पहिल्यापासून उघडते आणि मग ऑटो यायला वेळ लागतो. आधी असं नव्हतं.

सी-३०१: केबल गाडी सुरू झाल्यावर लावा. स्टार्टर फिरताना बॅटरीवर एकदम भार येतो आणि व्होल्टेज खाली जातं, काही गाड्या तेवढ्यापुरती स्क्रीनची वीज स्वतःच तोडतात. पण आधी होत नव्हतं आणि आता रोज होतंय म्हणजे १२ व्होल्टची बॅटरी थकत असावी. इंजिन बंद करून काही तास गाडी उभी ठेवा आणि मल्टिमीटरने मोजा. साधारण १२.६ असेल तर भरलेली आहे, १२.२ च्या आसपास म्हणजे अर्धीच उरली. स्टार्ट करताना १० च्या खाली गेली तर बॅटरी तपासून घ्या. स्क्रीनचं सॉफ्टवेअर दोषी ठरवायच्या आधी हे करा.

डी-१०२: माझ्या स्क्रीनवर अपडेटचा संदेश येतोय. पेनड्राइव्हने करू का?

ए-११०१: करा काका, पण घाईत नको. फाइल तुमच्याच मॉडेलची आणि व्हेरिएंटची, कंपनीच्या अधिकृत साइटवरूनच. पेनड्राइव्ह बहुधा एफएटी३२ (फाइल साठवायची एक पद्धत) मध्ये फॉरमॅट करावा लागतो, कोणता चालतो ते साइटवरच्या सूचनांत असतं. झिप उघडून आतल्या फाइल थेट मुळाशी ठेवायच्या, फोल्डरमध्ये नाही, सूचनांत वेगळं सांगितलं नसेल तर. अपडेट चालू असताना वीज गेली तर युनिट अर्धवट अवस्थेत अडकू शकतं. इंजिन चालू ठेवायचं की नुसती इग्निशन, हेही त्याच सूचनांत असतं. इंजिन चालू ठेवायला सांगितलं असेल तर गाडी बंद पार्किंगमधून बाहेर मोकळ्यावर काढून मगच करा, आत धूर साचतो. पूर्ण झाल्यावर सगळे फोन दोन्हीकडून काढून नव्याने जोडा, कारण अपडेटनंतर जुन्या नोंदी अनेकदा अर्ध्यामुर्ध्या राहतात.

डी-१०२: पेनड्राइव्ह ६४ जीबीचा आहे. विंडोज एफएटी३२ चा पर्यायच देत नाही, एक्सफॅट दाखवतंय.

ए-११०१: विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत ३२ जीबीच्या वर तो पर्याय येत नाही. ८ किंवा १६ जीबीचा जुना पेनड्राइव्ह असेल तर तो घ्या. नसेल तर माझ्याकडे एक रिकामा आहे, संध्याकाळी वॉचमनकडे ठेवतो.