मदत हवी आहे: आजीचा जात्यावरचा फोटो हेडरच्या लांबट पट्टीत कसा बसवू?

नमस्कार मंडळी,

माझ्या आईची आई मावळात राहते, वय ८४. गेली दोन वर्षं तिच्या जात्यावरच्या ओव्या मी मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून उतरवून घेते आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखावर ओव्या जमवल्या, ते वाचून वाटलं की आपल्या घरातल्या तरी हातच्या जाऊ देऊ नयेत. आता ४६ ओव्या झाल्यात आणि त्यांच्यासाठी ब्लॉग सुरू करते आहे. नाव ठेवलंय 'पहिली ओवी'.

ब्लॉगच्या माथ्यावरच्या पट्टीत, म्हणजे हेडरला, आजीचाच फोटो हवा. फोटो मोबाइलवर काढलेला, ४००० बाय ३००० पिक्सेल. आजी उजवीकडे जात्याशी बसली आहे, एक पाय लांब केलेला, दोन्ही हात खुंट्यावर. डावीकडे सारवलेली भिंत आणि दारातून आलेला उजेड. हेडरची जागा मात्र १६०० बाय ४००. पट्टी लावली की एकतर आजीचं डोकं कापलं जातं, नाहीतर जातंच जातं.

तालुक्याच्या गावी एका फ्लेक्सवाल्याकडून करून घेतलं. त्याने फोटो दोन्ही बाजूंनी ओढून पट्टीत बसवला. आजीचा चेहरा भाकरीसारखा पसरला, आणि वर लिहिलेल्या ब्लॉगच्या नावात 'पहिली'मधली वेलांटी भलत्याच अक्षरावर गेली. ते चित्र आजीला दाखवायचं माझ्याच्याने झालं नाही.

तिची एकच अट आहे, डोक्यावरचा पदर दिसला पाहिजे. घरच्या कॉम्प्युटरवर गिंप (फोटोवर काम करायचं सॉफ्टवेअर) आहे, जुजबी वापरता येतं. कुणी नीट सांगेल का?

प्रतिसाद १

ताई, आधी एक हिशेब करा म्हणजे घोळ कळेल. तुमचा फोटो ४ ला ३ आणि जागा ४ ला १. पूर्ण रुंदी ठेवून कापलं तर ४००० बाय १००० उरतं, म्हणजे उंचीचा फक्त एक तृतीयांश. बसलेला माणूस डोक्यापासून जात्यापर्यंत त्यात मावणारच नाही, तुम्ही पट्टी कितीही वरखाली सरकवा. ओढून बसवणं तर कधीच करू नका. गिंपमध्ये स्केल इमेजच्या खिडकीत रुंदी आणि उंचीच्या शेजारी साखळीचं चिन्ह असतं, ती साखळी जोडलेलीच राहू द्या.

आणि हो, काम मूळ फोटोवरच करताय ना? वॉट्सअ‍ॅपवरून नेहमीसारखा पाठवलेला फोटो लहान होऊन येतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा केबलने घ्या.

धागाकर्ती

फोटो मूळच आहे, केबलने घेतला. मोजून पाहिलं, पदरापासून जात्याच्या तळापर्यंत साधारण २२०० पिक्सेल होतात. मग आजी पूर्ण दिसणार नाहीच का?

प्रतिसाद २

दिसेल. फोटो पट्टीभर पसरायचा हट्ट सोडा. वरून-खालून थोडं कापून ४००० बाय २४०० करा. तो उंचीला ४०० केला की रुंदी ६६७ येते. आता १६०० बाय ४००चा नवा कॅनव्हास घ्या, फोटो लेयर (वेगळा थर) म्हणून उघडा आणि उजव्या कडेला चिकटवा. डावीकडे ९३३ पिक्सेल मोकळे राहतात.

तिथे नुसता भिंतीचा रंग भरला तर खालची जमीन मध्येच तुटेल. त्यापेक्षा फोटोच्या डाव्या कडेचा, फक्त भिंत आणि जमीन असलेला, १५० पिक्सेलचा तुकडा नव्या लेयरवर घ्या आणि तोच डावीकडे ताणा. माणूस ताणला की लगेच कळतं, भिंत ताणली तर डोळ्याला फारसं खुपत नाही. जमिनीची आडवी रेघ आपोआप पुढे जाते. ताणलेल्या भागावर थोडा गॉशियन ब्लर (धूसरपणा) द्या. मग फोटोच्या लेयरला पांढरा मास्क लावा आणि ग्रेडियंटने (हळूहळू बदलत जाणाऱ्या छटेने) डाव्या कडेपासून आत शंभरेक पिक्सेलपर्यंत काळ्याकडून पांढऱ्याकडे जा. मास्कवर काळं तिथे फोटो लपतो, पांढरं तिथे दिसतो, त्यामुळे सांधा विरघळतो.

प्रतिसाद ३

वेलांटीबद्दल. जुन्या फोटोशॉपमध्ये किंवा सेटिंग चुकलं असेल तर देवनागरी जोडली जात नाही, म्हणून ऱ्हस्व वेलांटी आपली जागा सोडते. तिथे प्राधान्यांमध्ये टाइपखाली वर्ल्ड-रेडी लेआउट निवडावं लागतं. गिंपमध्ये युनिकोड फाँट असेल तर हा त्रास सहसा होत नाही. फाँट मोफत आहेत: मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्ता' घ्या, किंवा तिरो देवनागरी मराठी, त्यात ल आणि श मराठी वळणाचे येतात. 'पहिली'तला ल मराठीच हवा, ओव्यांच्या पानावर तर नक्कीच.

पण माझं ऐकाल तर नाव चित्रात लिहूच नका. ३६० पिक्सेल रुंदीच्या मोबाइलवर तुमचं हेडर ९० पिक्सेल उंच होईल. चित्रातलं ८० पिक्सेलचं अक्षर तिथे १८चं होतं. नाव ब्लॉगच्या शीर्षकातच मजकूर म्हणून ठेवा. मोबाइलवर वाचता येईल, शोधताना सापडेल, आणि ज्यांना दिसत नाही त्यांचं स्क्रीन वाचणारं सॉफ्टवेअरही ते वाचून दाखवेल.

धागाकर्ती

काल रात्री बसून भिंत ताणून पाहिली. पहिल्यांदा ६० पिक्सेलचाच तुकडा घेतला होता, तर सारवणाच्या हाताच्या अर्धगोल खुणा ताणून आडव्या रेघा झाल्या. १५०चा घेतल्यावर बरंच बरं झालं. आजी पूर्ण आली, पदरासकट. पण मोबाइलवर उघडलं तर ती अंगठ्याच्या नखाएवढी दिसते. ओळखूच येत नाही.

प्रतिसाद ४

मी घरगुती समारंभांचे फोटो काढते, म्हणून लिहिते. एवढ्या अरुंद पट्टीत अख्खा माणूस लहानच दिसणार. तुमच्या फोटोत खुंट्यावरच्या हातांपासून जात्याच्या कडेपर्यंतचा पट्टा किती उंच आहे, मोजाल का? १०००च्या आत असेल तर ४००० बाय १०००चा तेवढाच पट्टा कापा. तो लहान करून ३२०० बाय ८०० ठेवला तर बारीक पिक्सेलच्या पडद्यांवरही कुरकुरीत दिसेल. हात, बांगड्या, जात्याभोवती पडलेलं पीठ. ओव्या त्याच हातांच्या लयीवर आल्या आहेत. अख्खी आजी ओव्यांच्या आधी, पहिल्याच पानावर न कापता लावा. तिथे उंचीचं बंधन नाही.

जेपेग करताना क्वालिटी ८०-८५ पुरते.

धागाकर्ती

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून लगेच मोजलं, ९२० पिक्सेल! कापून पाहिलं आणि बघतच राहिले. डाव्या हातातल्या हिरव्या बांगड्या, त्यातली एक जरा वर सरकलेली, अंगठ्याच्या पेराशी पिठाची बारीक रेघ. एवढ्या दिवसांत पूर्ण फोटोत ही रेघ मला कधी दिसलीच नव्हती.

मग आजीला फोन केला. हेडरला हातच येतील, पदर वर दिसणार नाही, चालेल का, विचारलं. मोठा फोटो खाली पूर्ण लावणार हेही सांगितलं. ती म्हणाली, "हात दिसू दे की. पण मग काकणं भरून घेते, दोन टिचल्यात."

तेव्हा आजचं चित्र तात्पुरतं. रविवारी गावी जाते आहे. सकाळी दारातला उजेड असताना, फोन आडवा धरून जात्याच्या उंचीवरून पुन्हा काढीन, पट्टीला पुरेल एवढी जागा दोन्ही बाजूंना सोडून. नाचणी दळायला ठेव म्हणून सांगितलंय. सोमवारी इथेच लावते.